रेघ तारखेने चालली पाहिजे: कांद्याच्या दराच्या एका आलेखाची दुरुस्ती

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावर कांद्याच्या दराचा आलेख होता. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड आणि सटाणा या पाच बाजार समित्यांचे रोजच्या लिलावातले सर्वसाधारण दर, रुपये प्रति क्विंटल, जुलै २०२३ ते जून २०२५. पान उघडलं की डावीकडून पाच रंगीत रेघा निघायच्या, वळणं घेत उजवीकडे पोचायच्या आणि शेवटी पाच नावं उमटायची. एका संस्थेने तयार टेम्पलेट घेऊन तो करून दिला होता. सभासदांना आलेख आवडला होता, पण वापरत कुणीच नव्हतं. नावं एकमेकांवर चढलेली, कुठली रेघ कुणाची ते कळायचं नाही, आणि मोबाइलवर तर रेघा धावून गेल्या की मागे नुसता रंगांचा गुंता उरायचा.

नाशिकला कॉलेज रोडवर आम्ही दोघं अशी कामं करतो. आलेख आमच्याकडे आला तेव्हा मागणी "तेवढी नावं नीट बसवून द्या" एवढीच होती. काम सुरू केल्यावर नावांहून मोठी गोष्ट हाती लागली. रेघांची हालचालच चुकीची माहिती देत होती, आणि तीही दोन वर्षांतल्या सगळ्यात नाजूक दिवसांबद्दल. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की मराठीत आलेख करणाऱ्या कुणालाही यातल्या बऱ्याच अडचणी येणार आहेत, आणि इंग्रजी लेबलं गृहीत धरून लिहिलेल्या उदाहरणांत त्यांची उत्तरं सापडत नाहीत.

रेघा एकमेकींना का बिलगतात

पिंपळगावात बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याला लासलगावचा त्या सकाळचा भाव फोनवर कळलेला असतो. ट्रॅक्टर भरून निघालेला शेतकरीही भाव ऐकून वाटेत दुसऱ्या आवाराकडे वळू शकतो. त्यामुळे जिल्ह्यातल्या बाजारांचे दर वर्षभर एकमेकांच्या आसपासच राहतात. पाच रेघांची टोकं उजव्या कडेला दोन-चार पिक्सेलच्या अंतराने येणार, हे कांद्याच्या बाजारात ठरलेलंच आहे. रेघा आपोआप मोकळ्या होतील असा दिवस येणार नाही, तेव्हा लेबलांची सोय ही टक्कर धरूनच करावी लागते.

जुन्या आलेखात यावर उपाय म्हणून खाली रंगांची सूची दिली होती. पाच रंग, पाच नावं. डोळा रेघेवरून सूचीकडे जातो, रंग लक्षात ठेवून परत येतो, तोवर रेघ हरवते. उन्हात, आवारात उभं राहून मोबाइल बघणाऱ्याला हिरवा आणि निळाही एकसारखे दिसतात. रेघेच्या टोकाशीच तिचं नाव असलं पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती.

मग टोकाशी नावं बसवायची कशी? बहुतेक ठिकाणी सापडणारी पद्धत अशी: नावं वरून खाली लावा, आणि एखादं वरच्या नावाला चिकटलं तर खाली ढकला. समजा तीन रेघांची टोकं १००, १०४ आणि १०९ पिक्सेलवर आहेत आणि दोन नावांत किमान १८ पिक्सेल हवेत. या पद्धतीने नावं १००, ११८ आणि १३६ वर जातात. पहिलं नाव जागेवर, दुसरं १४ ने खाली, तिसरं तब्बल २७ ने. सगळा भार शेवटच्या नावावर पडतो, आणि खाली चौथी रेघ असली तर हे तिसरं नाव तिच्याच शेजारी जाऊन बसतं. वाचणारा ते चौथ्या रेघेचं समजतो.

त्याऐवजी चिकटलेल्या नावांचा एक गट मानायचा आणि गट अख्खा सरकवायचा, असा की प्रत्येक नावाच्या सरकण्याच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील. हिशोब अवघड नाही. दुसऱ्या टोकातून १८ वजा करा, तिसऱ्यातून ३६, म्हणजे १००, ८६ आणि ७३ हे आकडे मिळतात. त्यांची सरासरी साधारण ८६. गट तिथून सुरू होतो: ८६, १०४, १२२. मधलं नाव जवळपास जागेवर राहतं, वरचं १४ ने वर जातं, खालचं १३ ने खाली. सरकवलेला गट शेजारच्या गटाला धडकला तर दोन्ही एकत्र करून पुन्हा सरासरी काढायची. पाच नावांसाठी हा कोड वीस-पंचवीस ओळींत बसतो, दरवेळी तेच उत्तर देतो आणि नावांचा वरखाली क्रम कधीच मोडत नाही. आलेखांच्या काही तयार कोडसंचांत (लायब्ररींत) लेबलांना एकमेकांपासून ढकलणाऱ्या बलांचं अनुकरण करून जागा शोधतात. विखुरलेल्या ठिपक्यांना ते ठीक आहे. एकाच उभ्या ओळीत नावं लावायची असताना ते वापरलं तर कधी क्रम उलटतो, कधी पान ताजं केल्यावर नाव भलतीकडेच असतं.

नाव टोकापासून सरकलं की दोघांत एक बारीक जोडरेघ काढायची. ती रेघेच्याच रंगाची, पण फिकी आणि अर्ध्या जाडीची. जाडी तेवढीच ठेवली तर दर शेवटच्या दिवशी वर उसळला असं वाटतं. जुन्या आलेखात नेमकं तसं झालं होतं.

शिरोरेघेचा मान

टेम्पलेट इंग्रजीसाठी बनवलेलं असल्याची खूण नावांवर दिसत होती. अक्षरांमध्ये जागा सोडण्याची सेटिंग तशीच राहिली होती, त्यामुळे 'लासलगाव'ची शिरोरेघ पाच तुकड्यांत तुटली होती. ती शून्यावर आणणं हे पहिलं काम. दुसऱ्या एका मसुद्यात त्याच संस्थेने नावं रेघेच्या अंगानेच वळवून लिहिली होती. इंग्रजीत ते खपून जातं, कारण अक्षरं मुळात सुटी असतात. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपल्यापुरतं तिरकं होतं आणि शिरोरेघेच्या पायऱ्या पडतात. 'पिंपळगाव'चा अनुस्वार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. देवनागरी नाव आडवंच ठेवावं, आणि जागा नसेल तर नावासाठी दुसरी जागा शोधावी, या मताला आम्ही चिकटून आहोत.

मोजमापाची अडचण जास्त खोल होती. नावं एकमेकांवर चढतात की नाही हे ठरवायला ब्राउझरला प्रत्येक नावाची चौकट विचारावी लागते. एसव्हीजीमधलं (वेबवर रेषाचित्रं काढायच्या पद्धतीतलं) गेटबीबॉक्स हे काम करतं, पण ते फॉन्टची पूर्ण उंची सांगतं, उमटलेल्या शाईची नाही. देवनागरी फॉन्टमध्ये वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरं मावावीत म्हणून उंची सढळ ठेवलेली असते. 'सटाणा' या नावात शिरोरेघेच्या वर काही नाही, खाली काही नाही, तरी चौकट तेवढीच उंच. त्या चौकटीवर विसंबलं तर नावं गरजेपेक्षा लांब ढकलली जातात. आम्ही उंचीसाठी ब्राउझरमधल्या कॅनव्हास या दुसऱ्या चित्रपद्धतीचं मेजरटेक्स्ट वापरलं, ज्यात खरी शाई वर किती आणि खाली किती ते वेगवेगळं मिळतं. फरक थोडाच पडतो, पण तीनशे साठ पिक्सेलच्या पडद्यावर पाच नावं एका ओळीत लावताना तेवढाच उपयोगी पडतो.

आणि मोजायचं कधी, हा प्रश्न. फॉन्ट अजून उतरलेला नसताना मोजलं तर ब्राउझर फोनमधल्या दुसऱ्याच फॉन्टची मापं देतो. विंडोजवर निर्मला, आयफोनवर कोहिनूर, ॲन्ड्रॉइडवर बहुधा नोटो. प्रत्येकाची रुंदी वेगळी. म्हणून फॉन्ट उतरेपर्यंत थांबायची आज्ञा कोडमध्ये आधीपासून होती, आणि तरीही नावं चुकत होती. कारण शोधायला वेळ गेला. वेब फॉन्ट बऱ्याचदा लिपीनुसार वेगवेगळ्या फाइलींत तोडून पाठवले जातात, आणि ज्या फाइलीतली अक्षरं लागतात तेवढीच फाइल ब्राउझर आणतो. फॉन्ट मागवणाऱ्या आज्ञेला नमुन्याचा मजकूर दिला नाही तर ती एक मोकळी जागा गृहीत धरते. मोकळी जागा रोमन फाइलीत आहे. ती फाइल आली की ब्राउझर सांगतो, 'फॉन्ट तयार', आणि देवनागरीची फाइल अजून वाटेत असते. आज्ञेत दुसऱ्या जागी 'लासलगाव पिंपळगाव येवला मनमाड सटाणा' हा मजकूर दिला, आणि नावं पहिल्या खेपेपासून जागेवर बसू लागली. मंद नेटवर्कवर खेड्यातून उघडणाऱ्या आलेखात हा फरक रोज दिसणारा आहे.

नावाभोवती पांढरी कड द्यायला पेंट-ऑर्डर हा गुणधर्म वापरला, म्हणजे कड अक्षराच्या मागे जाते आणि काने-मात्रा जाड होत नाहीत. नावं 'पिंपळगाव' एवढीच ठेवली. जिल्ह्यात पिंपळगावं बरीच आहेत, पण कांद्याच्या आलेखात बसवंत लिहिलं नाही म्हणून कुणाचा गोंधळ होत नाही.

"मनमाड मागून का पडतंय?"

आता मुख्य गोष्ट. दुरुस्त केलेली नावं दाखवायला आम्ही कंपनीच्या कार्यालयात गेलो होतो. आलेख मोठ्या पडद्यावर चालू होता. संचालकांपैकी वयाने मोठे असलेले अण्णा रेघा बघत होते. पुन्हा लावा म्हणाले. पुन्हा लावला.

"डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली त्या सकाळी मी लासलगावच्या आवारात होतो, माझा धाकटा भाऊ मनमाडला," ते म्हणाले. "दोन्हीकडे एकाच वेळी लिलाव बंद पडले. तुमच्या चित्रात लासलगाव आधी पडतंय आणि मनमाड मागून पडतंय. का हो?"

आकडे तपासले, ते बरोबर होते. थांबलेल्या आलेखात दोन्ही रेघा त्याच तारखांना खाली येत होत्या. फरक फक्त हालचालीत होता.

टेम्पलेटमधली युक्ती वेबवर सगळीकडे दिसते. रेघ तुटक करायची, पण तुकडा अख्ख्या रेघेएवढा लांब ठेवायचा, म्हणजे एक पूर्ण रंगीत तुकडा आणि मागोमाग तेवढाच रिकामा. मग हा तुकडा रेघेवरून सरकवत न्यायचा. बघणाऱ्याला रेघ काढली जातेय असं वाटतं. स्ट्रोक-डॅशअरे आणि स्ट्रोक-डॅशऑफसेट हे ते दोन गुणधर्म, आणि रेघेची लांबी मोजायला गेटटोटललेंग्थ. त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीचा मार्ग नकाशावर उमटवायचा असेल तर ही युक्ती उत्तम आहे, कारण तिथे रेघेची लांबी म्हणजेच कापलेलं अंतर. दराच्या आलेखात रेघेच्या लांबीला काही अर्थच नाही. अर्थ आहे तो आडव्या अंतराला, म्हणजे तारखेला.

ज्या बाजाराचे दर दिवसागणिक जास्त वरखाली होतात त्याची रेघ दातेरी असते, आणि दातेरी रेघ लांब असते. सोपं उदाहरण घेऊ. दोन रेघा, दोन्ही दोन वर्षांच्या. पहिली सपाट, एकूण ४०० पिक्सेल लांब, दर वर्षाला २००. दुसरीचं पहिलं वर्ष दातेरी, ४०० पिक्सेलचं, आणि दुसरं वर्ष शांत, २०० चं, एकूण ६००. ॲनिमेशन निम्मं झालं तेव्हा पहिली २०० पिक्सेल पुढे आलेली आहे, म्हणजे बरोबर एक वर्ष: जून २०२४ चा शेवट. दुसरी ३०० पिक्सेल आलेली आहे, म्हणजे पहिल्या वर्षाचा पाऊण भाग: मार्च २०२४ चा शेवट. पडद्यावर एकाच क्षणी एक टोक जूनमध्ये आहे आणि दुसरं मार्चमध्ये, आणि बघणारा त्या दोन टोकांची तुलना करतोय. रेघा एकत्र निघाल्या आणि एकत्र पोचल्या, म्हणून मधल्या वाटेतही त्या एकत्रच आहेत असं कुणीही धरून चालतो. अण्णांनी ते धरलं नाही, कारण ती सकाळ त्यांनी स्वतः पाहिली होती.

हा दोष सुंदर दिसणाऱ्या कितीतरी आलेखांत आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं. निर्यातबंदीनंतर कोणता बाजार आधी कोसळला यावर इथे माणसं भांडतात, आरोप करतात. आलेखाने त्यात खोटा क्रम घालणं ही साधी गोष्ट नाही.

उपाय मात्र सोपा निघाला. पाचही रेघा पूर्ण काढून ठेवायच्या आणि त्यांच्यावर एक चौकोनी खिडकी बसवायची, एसव्हीजीतला क्लिपपाथ. खिडकीची रुंदी तारखेप्रमाणे वाढवत न्यायची. आता सगळी टोकं नेहमी एकाच उभ्या रेषेवर, एकाच तारखेला असतात. गतीही एकसारखी ठेवली. डी-थ्री या आलेखांच्या लायब्ररीत काही सांगितलं नाही तर हालचाल हळू सुरू होते, मध्ये वेग घेते आणि शेवटी मंदावते. बटणाला ते शोभतं. इथे त्यामुळे मधले महिने भराभर उडून जातात आणि कडेचे रेंगाळतात.

खिडकीचा आणखी एक फायदा झाला. लिलाव रोज होत नाहीत. रविवार असतो, अमावास्येला लिलाव बंद ठेवायची काही ठिकाणी जुनी प्रथा होती, आणि २०२३ मध्ये तर निर्यात शुल्काच्या निषेधात ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २० सप्टेंबरपासून व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते. जुन्या आलेखात बंदच्या आधीचा दिवस आणि नंतरचा दिवस सरळ रेघेने जोडले होते, जणू मधल्या काळात दर ठरत होते आणि शांतपणे सरकत होते. आम्हाला एखाद-दुसऱ्या सुट्टीसाठी सलग रेघ आणि त्याहून मोठ्या बंदसाठी तुटक फिकी रेघ हवी होती. जुन्या युक्तीत ते जमत नाही, कारण तुटकपणाचा गुणधर्म हालचालीसाठी आधीच खर्ची पडलेला असतो. खिडकीखाली रेघ सलग असो की तुटक, काही फरक पडत नाही.

रेघेला गोलाई देणं बंद केलं. गोलाईचे काही प्रकार बिंदूंमधून जातच नाहीत, काही बिंदूच्या वर उसळून कधीच न मिळालेला भाव दाखवतात. रोजचे आकडे आहेत, ते सरळ रेषांनी जोडले की पुरतं. टोकाजवळ धावणारा आकडाही दोन लिलावांमधल्या अंदाजाने बदलत नाही; पुढचा लिलाव येईपर्यंत मागच्या लिलावाचा भाव तसाच धरून ठेवतो. दोन दिवसांच्या मधला भाव कुणाच्याही हिशोबपट्टीवर लिहिला गेला नव्हता. आकडे मराठी मांडणीत, म्हणजे २,४५० असे, ब्राउझरच्या मराठी सेटिंगमधूनच येतात. वेगळा कोड लागत नाही.

धावणारं एकच नाव

रेघा चालू असताना पाचही नावं टोकांबरोबर धावावीत अशी कंपनीतल्या तरुण मंडळींची इच्छा होती. करून पाहिलं. टक्कर टाळायचा हिशोब हालचालीच्या प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने केला की नावं थरथरतात, आणि दोन रेघांनी एकमेकींना ओलांडलं की नावं उडी मारून जागा बदलतात. डोळा नावांमागे धावतो आणि रेघ राहून जाते. मग वर एक ओळ घातली: 'तुमचा बाजार निवडा'. निवडलेली रेघ जाड आणि गडद, तिच्या टोकाबरोबर नाव आणि भाव. बाकी चार रेघा राखाडी, त्यांची नावं शेवटी उजव्या कडेला त्या गटाच्या हिशोबाने. येवल्याच्या शेतकऱ्याला येवलाच आधी बघायचा असतो, बाकीचे त्याच्याशी ताडून पाहायला. धावणारं नाव एकच असल्याने टक्कर उरली नाही. ते नाव नेहमी टोकाच्या उजवीकडे, अजून गडद रेघ न आलेल्या जागेत असतं, आणि कडेपासून नावाच्या रुंदीएवढं अंतर उरलं की डावीकडे वर जातं.

सहा तारखा

निर्यातीचे निर्णय आलेखावर असावेत हा आग्रह कंपनीचा होता आणि तो योग्यच होता. १९ ऑगस्ट २०२३: ४० टक्के निर्यात शुल्क. २८ ऑक्टोबर २०२३: टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबर २०२३: निर्यातबंदी. ४ मे २०२४: बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क. १३ सप्टेंबर २०२४: किमान मूल्य रद्द, शुल्क २० टक्के. १ एप्रिल २०२५: शुल्क रद्द.

संगणकाच्या रुंद पडद्यावर ही लेबलं वरच्या पट्टीत दोन ओळींत आलटून-पालटून मावतात. मोबाइलवर हिशोबच जुळत नाही. कडा सोडून आलेखाला २७० पिक्सेल उरतात आणि त्यात ७३१ दिवस. पहिल्या दोन तारखांमधले ७० दिवस म्हणजे २६ पिक्सेल, पुढचे ४१ दिवस म्हणजे १५. 'निर्यातबंदी' एवढा एक शब्दही वाचता येईल अशा आकारात याच्या कितीतरी पट रुंद होतो. अक्षर बारीक करणं, शब्द उभा लिहिणं, दोन्ही नको होतं. शेवटी तारखांच्या जागी १ ते ६ असे वर्तुळातले आकडे ठेवले आणि आलेखाखाली सहा वाक्यं. खिडकी एखाद्या तारखेवर पोचली की क्षणभर थांबते आणि त्या आकड्याचं वाक्य गडद होतं. एसटीने प्रत्येक थांब्यावर थांबावं तशी ही रेघ चालते, आणि वाक्य वाचून झालं की पुढचा उतार कशानंतरचा आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षात असतं.

'कशानंतरचा' हा शब्द मुद्दाम. लेबल दराच्या उतारावर चिकटवलं तर ते कारण सांगू लागतं. दर पडण्यामागे निर्णय असतो, तशी आवकही असते. दिवाळीच्या सुमाराला लाल कांदा येऊ लागतो, जानेवारीनंतर रांगडा, मार्च-एप्रिलपासून उन्हाळ. आठ डिसेंबरनंतरच्या घसरणीत निर्यातबंदीचा हात उघड आहे, पण सहाही तारखांबद्दल तेवढ्याच खात्रीने बोलता येत नाही. म्हणून लेबलं दराच्या रेघेपासून दूर, तारखेच्या उभ्या बारीक रेषेवर ठेवली, आणि हंगामांचे तीन फिके पट्टे मागे घातले. लाल आणि उन्हाळ दोन्ही बाजारात असतात तेव्हा त्यांचे दर वेगळे लागतात, म्हणून उन्हाळ संपून लाल सुरू होतो तिथे रेघ तोडून नवी सुरू केली.

आलेख आधी पूर्ण, मग चालता

एका बाबतीत आम्ही अडून बसलो. पान उघडताच रेघा धावणार नाहीत. आधी पूर्ण आलेख, सगळ्या नावांसह, स्थिर. खाली 'चालवून पाहा' हे बटण, चालू असताना तेच 'थांबवा' होतं, आणि बोटाने तारीख मागेपुढे करता येते. आपोआप सुरू होणारी आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल थांबवायची सोय असावी हे वेबच्या सुगम्यता नियमांतच आहे, आणि फोनमध्ये हालचाल कमी ठेवा असं ज्यांनी सांगून ठेवलंय त्यांच्यासाठी टोक सरकत न जाता एका थांब्यावरून थेट दुसऱ्यावर जातं.

याहून मोठं कारण व्हॉट्सॲप. कांद्याच्या गटांवर आलेखाची लिंक कमी फिरते, पडद्याचं चित्र जास्त. ते चित्र कुठल्याही क्षणी काढलं जाऊ शकतं, रेघ डिसेंबर २०२३ मध्ये उभी असतानाही. म्हणून चालत्या आलेखातही निवडलेल्या बाजाराचं नाव, त्या क्षणाची पूर्ण तारीख, भाव आणि 'रुपये प्रति क्विंटल' हे चारही कायम दिसतात, आणि खिडकीच्या पुढचा भाग कोरा न ठेवता त्यात पुढची रेघ अगदी फिकट दिसते. अर्धवट चित्र पुढे गेलं तरी ते अर्धवट आहे हे कळतं.

नवा आलेख अण्णांना दाखवला. त्यांनी मनमाड निवडलं, बोटाने डिसेंबरवर आणलं, मग लासलगाव निवडून तीच तारीख पाहिली. मग फोन शेजारच्यांकडे दिला आणि लिलाव पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी कुठे काय भाव निघाला होता यावर बोलणं सुरू झालं.

सध्या त्याच कोडवर पिंपळगावच्या टोमॅटोचा आलेख उभा राहतोय. तिथे लेबलात क्विंटल चालत नाही, भाव २० किलोच्या क्रेटचाच सांगावा लागतो, म्हणून मिळणाऱ्या क्विंटलच्या दराला पाचाने भागून लावतो. अडचण वेगळीच आहे: जुलै २०२३ मधली उसळी एवढी उंच आहे की बाकीचे हंगाम तळाशी चिकटून जातात. लॉग मापपट्टी (जिच्यात समान अंतर म्हणजे समान पट) लावून पाहिली, पण क्रेटला किती मिळाले ते तिच्यावरून पटकन वाचता येत नाही. तूर्त प्रत्येक हंगाम वेगळ्या चौकटीत, शेजारी-शेजारी ठेवलाय. चौकटींची मापपट्टी एकच आहे आणि सगळ्या खिडक्या एकाच वेळी, हंगामाच्या दिवसाप्रमाणे उघडत जातात.